गॅरेजवर सपाट स्लॅब टाकताना

मोटार दुरुस्तीचा धंदा जरा स्थिरावला, की पत्र्याची शेड काढून तेथे पक्का स्लॅब टाकावा असे बहुतेक गॅरेजवाल्यांना वाटते. विचार चांगला आहे. उन्हाचा ताप कमी होतो, चोरीची भीती कमी होते. मात्र सपाट स्लॅब हा नावापुरताच सपाट असतो. पाणी कोणत्या बाजूला जाणार हे आधी ठरवले नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांतच छत गळू लागते आणि आतली सळई गंजते.

प्रथम वजनाचा हिशेब पाहू. १२ फूट रुंद व २० फूट लांब गाळ्यावर ५ इंच जाडीचा स्लॅब टाकला, तर नुसत्या काँक्रीटचेच वजन सुमारे ७ टन होते. त्यावर ४ इंचांचा विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला की आणखी चार टनांच्या आसपास भर पडते. शेडच्या जुन्या भिंती आजवर फक्त पत्रे पेलत होत्या. त्यांच्यावरच स्लॅब चढवू पाहणाऱ्या कंत्राटदाराचे ऐकू नये. पाया, कॉलम व सळईचे माप इंजिनिअरकडूनच घ्यावे. पुढेमागे वर मजला चढवायचा असेल तर तेही त्याला आताच सांगावे. परवानगीसाठी नकाशा लागतोच, म्हणजे ही फी वाया जात नाही.

उंची धंद्याप्रमाणे ठरवावी. गाडी वर उचलणारी लिफ्ट बसवायची असेल तर लिफ्टचे सहा फूट व गाडीचे पाच फूट धरून छताखाली किमान १२ फूट मोकळे हवेत. रोलिंग शटरचा गुंडाळाही दीडेक फूट जागा खातो. इंजिन उचलण्याची चेन-पुली स्लॅबला हूक ठोकून टांगण्याची सवय धोक्याची आहे. ट्रकचे इंजिन अर्ध्या टनाच्या घरात जाते. पुलीसाठी जमिनीवर उभी राहणारी लोखंडी घोडी करावी, नाहीतर तेवढा भार धरून बीमच वेगळा काढून घ्यावा.

उताराला दर आठ फुटांना एक इंच पुरतो. १२ फूट रुंदीला दीड इंच झाला. उतार शटरच्या विरुद्ध बाजूला, मागे द्यावा; मात्र ते पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडता कामा नये, यावरून कोर्टापर्यंत भांडणे जातात. चार इंची पाइप एकाऐवजी दोन ठेवावेत, कारण पाचोळ्याने एक तुंबतोच. या छतावर एक इंच पाणी साठले तरी ते साडेपाचशे लिटर, म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक वजन असते!

स्लॅबच्या दिवशी मालकाने स्वतः उभे राहावे. रुंदीच्या दिशेची सळई खाली व लांबीची तिच्यावर असावी, आणि खाली पाऊण इंचाचे कव्हर ब्लॉक असावेत. सर्वांत जास्त लक्ष शटरवरच्या छज्जाकडे द्यावे. छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. घमेली घेऊन मजूर तिच्यावरून चालतात, ती दबून खाली जाते, आणि टेकू काढताच छज्जा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर येतो. खाडीची खारी वाळू स्वस्त मिळाली तरी वापरू नये. प्रमाण १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी. पाणी गोणीमागे ३० लिटरपेक्षा जास्त नको. वाळू ओली असेल तर आणखी कमी. काम सोपे व्हावे म्हणून गवंडी पाणी वाढवतो, त्याला तेथेच थांबवावे.

दुसऱ्या दिवसापासून आळी करून १४ दिवस पाणी साठवावे. साध्या सिमेंटला एवढ्या गाळ्याचे टेकू सात दिवसांनी काढता येतात असे नियम सांगतो. परंतु हल्ली बाजारात राख मिसळलेले सिमेंटच जास्त मिळते व त्याला जोर हळू येतो. म्हणून दोन आठवडे टेकूंना हात लावू नये, सेंटरिंगवाला भाड्यासाठी कितीही घाई करो.

कोबा मे महिन्याअगोदर उरकावा. कठड्याला लागून गोल वाटा काढून तो फूटभर वर चढवावा, कारण गळती बहुधा याच कोपऱ्यातून सुरू होते. मग पाइपांची तोंडे बोळ्यांनी बंद करून दोन दिवस छतावर पाणी भरून ठेवावे व खालून ओल येते का पाहावे. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या तपासणीनंतरच द्यावा.