वार्षिक अहवाल वाडीपर्यंत

शिळफाट्यावरून खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार, पाताळगंगेच्या काठी भाजीपाला पिकवणारा शेतकरी आणि डोंगरालगतच्या वाडीतील कातकरी स्त्री, या सर्वांचे जीवन कंपन्यांच्या कारभाराशी निगडित असूनही भागधारकांसाठी दरसाल सिद्ध होणारा शेकडो पृष्ठांचा इंग्रजी अहवाल त्यांच्या उपयोगी पडत नाही. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झाले, घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी वीज देऊन पाताळगंगेस मिळू लागले, आणि त्याच पाण्याच्या भरवशावर या खोऱ्यात कारखानदारी वाढली. म्हणजे नदीकाठच्या माणसाचा हिशेबावरील हक्क काही आजचा नव्हे.

भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना याच वार्षिक अहवालात जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक केले. त्यात प्रत्येक संबंधित गटापुढे ‘हा दुर्बल व वंचित आहे काय?’ असा रकाना असून संपर्काचे मार्ग, म्हणजे ईमेल, पत्रके, सूचनाफलक, सभा, हेही नमूद करावे लागतात. परंतु ज्या वाडीसाठी ‘होय’ लिहायचे, तिला त्या नोंदीची वार्ताच नसेल तर ती नोंद कोणासाठी?

म्हणून या अहवालाचा मराठी गोषवारा वाडीपर्यंत पोहोचायला हवा. तो अशक्य आहे, ही सबब मला मान्य नाही. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी प्रकल्पाच्या परिणामांचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. परवानगी मागताना जी भाषा साधते, ती पुढे वर्षानुवर्षे हिशेब देताना का साधू नये?

खरी अडचण निराळी आहे. अहवालातील आकडे बहुधा साऱ्या देशातील कारखान्यांचे एकत्रित असतात, म्हणून कारखानानिहाय तपशील वेगळा काढणे अगत्याचे आहे: ठेकेदारांकडे किती माणसे, त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला की नाही, अपघात किती, नदीतून पाणी किती उचलले, सांडपाणी कोठे सोडले, आणि तक्रार कोणापाशी करावी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये, त्या कलमाच्या कक्षेत येणाऱ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात, आणि त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य अभिप्रेत आहे. तेव्हा कोणत्या वाडीत किती रुपये आणि कशावर खर्च झाले, हेही गोषवाऱ्यात यावे.

हा गोषवारा ग्रामसभेत आणि वाडीतही मोठ्याने वाचला जावा, कारण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही प्रश्न विचारता येतो. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा एरवी सप्टेंबरअखेर आटोपतात. वाचन त्यानंतर लगेच, दिवाळीपूर्वी व्हावे. दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडाशीच परततात, आणि त्या काळात ओस वाडीत घेतलेली सभा ‘समुदायाशी संपर्क’ म्हणून अहवालात नोंदवली जाऊ नये.