सीएमएल : रिपोर्ट नॉर्मल आला तरी गोळी का बंद करायची नाही?

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या फाइलवर ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ किंवा ‘सीएमएल’ लिहिले असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. काही कागदांवर ‘चिरकारी’ असा जड शब्द दिसेल. त्याचा अर्थ सावकाश वाढणारा एवढाच, असाध्य असा नाही. फाइलवर ‘एएमएल’ असेल तर मात्र तो झपाट्याने वाढणारा वेगळा आजार आहे. त्यात लगेच भरती व्हावे लागते आणि खालच्या गोळीची माहिती त्याला लागू नाही.

आजार काय आहे?

रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. सीएमएलमध्ये तिथल्या एका पेशीत 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून ‘बीसीआर-एबीएल’ हे बिघडलेले जनुक बनते आणि पांढऱ्या पेशी वाढतच राहतात. हा आजार आईवडिलांकडून येत नाही आणि एकमेकांना लागत नाही. थकवा, वजन घटणे, डाव्या बरगडीखाली जडपणा (प्लीहा वाढल्यामुळे) ही लक्षणे दिसतात. कधी काहीच जाणवत नाही आणि आजार सीबीसीतच सापडतो.

इमॅटिनिब ही गोळी त्या जनुकातून बनणारे प्रथिन अडवते. अमेरिकेत तिला 2001 मध्ये मान्यता मिळाली. भारतात मूळ कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखाच्या वर खर्च येई, देशी कंपन्यांच्या गोळीला साधारण आठ-दहा हजार. या औषधाच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही विरोध केला होता. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला आणि देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला.

बरे वाटते, मग गोळी कशाला?

सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. काही आठवड्यांत सीबीसी नॉर्मल येते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि गोळी सुटते. पण सीबीसीत फक्त पेशींची संख्या कळते. बिघडलेले जनुक किती उरले आहे, हे बीसीआर-एबीएलच्या पीसीआर तपासणीतच कळते. ती सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी करतात.

गोळी थांबवण्यावरही संशोधन झाले आहे. फ्रान्समध्ये किमान दोन वर्षे ज्यांच्या रक्तात हे जनुक सापडलेच नाही, अशा 100 रुग्णांची गोळी बंद करून पाहिली. साधारण 40 टक्के रुग्णांचा आजार परतला नाही, बाकीच्यांचा परतला. पहिले वर्ष त्यांची दर महिन्याला तपासणी होत होती, म्हणून तो वेळीच कळला. घरी आपल्या मनाने गोळी सोडणाऱ्याला ही सोय नसते. मळमळ, पायात गोळे, डोळ्यांभोवती सूज असा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्या. मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोला.

भिलाईत कार्ड कसे वापराल?

छत्तीसगडमध्ये आयुष्मान कार्ड शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजनेखाली चालते. अंत्योदय व प्राथमिकता राशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, इतर राशनकार्डावर 50 हजारांपर्यंत उपचार मिळतात. ‘गोळीला कार्ड चालत नाही’ असे गृहीत धरू नका. आयुष्मान भारतच्या पॅकेज यादीत सीएमएलसाठी इमॅटिनिब आहे. रायपूरचे एम्स टाटीबंधला, जीई रोडवरच आहे. तिथल्या आयुष्मान काउंटरवर कार्ड, आधार आणि पीसीआरचा रिपोर्ट दाखवून विचारा. ओपीडीतल्या तपासण्यांचे पैसे लागू शकतात, तेही आधीच विचारा. बीएसपीचे मेडिकल कार्ड असेल तर सुरुवात सेक्टर 9 च्या रुग्णालयातून करा.

मंजुरीला वेळ लागतो, म्हणून गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच जा. कार्डाबाबत अडचण आल्यास 14555 किंवा 104 वर फोन करा.