वळवणचा महाशीर

पहिल्या पावसात चढणीचे मासे मिळाले की पोटातली गाबोळी बघून आपण खूश होतो. याच गाबोळीवर काही शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि तेही आपल्या भुशीपासून जवळच, लोणावळ्याच्या वळवण तलावावर.

महाशीर मासा कमी होत चालला होता. १९७०च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी टाटांच्या मत्स्यकेंद्रात त्याची पैदास करून दाखवली. पावसाळ्यात पिकलेली मादी धरायची, पोट हलकेच दाबून अंडी भांड्यात घ्यायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि अंडी वाहत्या पाण्यात ठेवायची. मादी पुन्हा तलावात सोडतात, म्हणजे आईचा जीव जात नाही. आम्हाला हेच फार आवडलं.

इथली पिल्लं दूर कर्नाटकात कावेरीतही सोडली. तिथे मात्र हा पाहुणा इतका वाढला की कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर मागे पडला. आज तो नामशेष व्हायच्या बेतात आहे. धरणं, वाळूउपसा ही कारणं आहेतच, पण बाहेरून आणलेला मासा हेही एक मोठं कारण अभ्यासकांनी दाखवलंय.

आपले गट शेततळ्यात मत्स्यबीज टाकतात. ते कुठल्या माशाचं आहे, हे घेतानाच विचारा. मावळातल्या पावसात तळं ओसंडलं की तो मासा थेट ओढ्यात जातो.