पायावरचा भार आणि न भरणारी जखम

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत असतो. तुटलेल्या उसाचे टोकदार बुडखे, कातडी कापणारे पाचट, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणे, यात पायाला जखम होणारच. धडधाकट माणसाची साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. काहींची मात्र महिना उलटला तरी भरत नाही, सुकली असे वाटता वाटता पुन्हा चिघळते. मग शोध सुरू होतो तो मलमाचा, पावडरीचा, कुणीतरी सांगितलेल्या लेपाचा. माझ्या मते हा शोधच चुकीच्या जागी चालतो. रेंगाळलेल्या जखमेचे मूळ बहुतेक वेळा जखमेत नसून त्या पायात, रक्तात आणि पायावर पडणाऱ्या भारात असते.

जखम भरण्याचे काम शरीर क्रमाने करते. आधी रक्त गोठते, मग पांढऱ्या पेशी घाण आणि जंतू साफ करतात. या काळात जागा सुजते, लाल होते. त्यानंतर लालसर दाणेदार नवे मांस येते, कडेने कातडी सरकते आणि पुढे कित्येक महिने ती जागा घट्ट होत राहते. न भरणारी जखम दुसऱ्याच पायरीवर अडकते. सूज ओसरत नाही आणि मेलेले मांस काढून टाकणारे स्राव नव्या मांसालाही टिकू देत नाहीत. अडकण्याची मुख्य कारणे मोजकीच आहेत. रोहिणी अरुंद झाल्याने शुद्ध रक्त पुरेसे पोचत नाही, किंवा नीलांच्या झडपा निकामी होऊन रक्त घोट्याशी साचते, किंवा पाय बधिर झाल्याने त्याच जागेवर दिवसभर दाब पडत राहतो आणि माणसाला ते कळतही नाही. मधुमेहात बधिरपणा आणि अपुरे रक्त ही दोन्ही संकटे बरोबरच येऊ शकतात.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा भारतातच मिळाला, तोही कुष्ठरोगात. या रोगात मांस आपोआप झडते, जखमा भरतच नाहीत, अशी समजूत होती. 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी अशा पायांचा बारकाईने अभ्यास केला. तळव्याची जखम प्लास्टरमध्ये बंद करून दाब काढला की ती भरत होती. मांस चांगले होते, हरवली होती ती वेदना. दुखत नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहायचा. आज मधुमेही पायाच्या उपचारातही दाब काढण्याला पहिले स्थान आहे. घोट्याच्या वर आतल्या बाजूला होणाऱ्या, नीलांच्या जखमेत घट्ट पट्टी बांधून सूज उतरवणे हाच मुख्य उपचार असतो. पण रोहिणीचा प्रवाह तपासल्याशिवाय तशी पट्टी बांधू नये. आधीच रक्त कमी पोचणाऱ्या पायावर ती घातक ठरते.

कष्टाने घाम गाळणाऱ्याला शुगर कशी होईल, असे कुणी म्हणेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातले प्रमाण शहरांपेक्षा कमी, तरी 8.9 टक्के निघाले. म्हणजे साधारण अकरा प्रौढांत एक. जखम म्हणजे जंतू, तेव्हा गोळ्या-इंजेक्शने हवीतच, हा दुसरा आक्षेप. उघड्या जखमेवर जंतू असतातच. लाली पसरत असेल, पू, ताप किंवा दुर्गंधी असेल तर प्रतिजैविके लागतात आणि तातडीने लागतात. एरवी त्यांनी जखम लवकर भरत नाही. जखम उघडी ठेवून वाळवावी हा समजही तपासायला हवा. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र पोटाचा आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता नवरा-बायको दोघांचा मिळून एक धरलेला असतो, आणि एकाने खाडा केला तरी पैसे कापले जातात. अशा माणसाला ‘पायाला आराम द्या’ सांगणे म्हणजे चिठ्ठीवर न मिळणारे औषध लिहून देणे. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच जखमेचा प्रश्न डॉक्टरबरोबर कामाच्या कराराचाही आहे असे मी म्हणतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा खाडा भरपगारी धरला गेला पाहिजे. आज वाचवलेले चार दिवस उद्या पाय घेऊन जाऊ शकतात, कारण मधुमेहात पाय कापावा लागलेल्यांपैकी सुमारे 85 टक्क्यांच्या बाबतीत सुरुवात जखमेपासून झालेली आढळते.

आणि सगळेच उपाय खाटेवर पडून राहण्याचे नसतात. टोळ्या निघण्यापूर्वीच गावात रक्तातली साखर तपासता येते. दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्याने तळव्याची संवेदना पाहायला काही मिनिटे पुरतात. पावलावरची नाडी बोटांनी चाचपता येते. बधिर तळव्यावरचा घट्टा वेळीच काढून घ्यावा, कारण जखम बऱ्याचदा त्याच्याच खाली सुरू होते. सहा आठवडे उलटूनही न भरणारी किंवा काळी पडू लागलेली जखम फडाजवळच्या दुकानातल्या मलमावर सोडू नये. वर्षानुवर्षे चिघळलेल्या जखमेत क्वचित कर्करोगही होतो, म्हणून तिचा तुकडा तपासावा लागतो. जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण हंगामात हे लोक तिथून शेकडो किलोमीटर लांब असतात. तपासणीचा कागद त्यांच्या खिशात असला तर कोल्हापूर किंवा बेळगावच्या डॉक्टरलाही पुढचे उपचार सुरू करता येतील.

मधुमेहाची जखम एकदा भरली तरी वर्षभरात सुमारे 40 टक्के लोकांना ती पुन्हा होते, कारण पाय बधिरच राहतो. कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बधिर पायांसाठी मऊ सूक्ष्मपेशी रबराची चप्पल दिली जाते. मधुमेहाच्या बधिर पायालाही तशीच चप्पल लागते, आणि फडात बुडख्यांपासून वाचायला जाड तळव्याचा, आतून मऊ, बंद बूट. दसऱ्याआधी ही दोन्ही जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठेवायला हवीत.