आंधळी कोशिंबीर आणि डोळस पंगत



लहानपणी आपण सर्वांनीच आंधळी कोशिंबीर खेळली आहे. डोळ्यांवर रुमाल बांधून गड्यांना चाचपीत हिंडावयाचे आणि दम लागला की रुमाल सोडून मोकळे व्हावयाचे. जर्मन मुले हाच खेळ ‘ब्लिंडेकू’, म्हणजे ‘आंधळी गाय’, या नावाने खेळतात. १९९९ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात याच नावाचे एक उपाहारगृह निघाले. तेथील जेवणघरात काळाकुट्ट अंधार असतो. वाढणारे असतात ते अंध किंवा अधू दृष्टीचे. त्यांच्यामागोमाग आत जावयाचे आणि ताटात जे येईल ते चाचपून खावयाचे.

अमेरिकेत याच प्रकाराला धर्मादायाचे रूप आले आहे. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक रोगांवर संशोधन व्हावे म्हणून १९७१ साली तेथे ‘फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस’ ही संस्था स्थापन झाली. ती गावोगावी अंधारातल्या मेजवान्या भरविते. पाहुणे देणगी देऊन येतात, जेवणाचा काही भाग अंधारात उरकतात, आणि जमलेला पैसा संशोधनाकडे जातो.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा, खरे सांगतो, मला ती भरल्या पोटांची करमणूक वाटली. पुढे मात्र मत बदलावे लागले. काही आनुवंशिक अंधत्व एकाच जनुकातील दोषामुळे येते. अशा एका अंधत्वावरील जनुकोपचाराला २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यामागच्या आरंभीच्या संशोधनाला या संस्थेने पैसा पुरविला होता. तेव्हा मेजवानीतून काही निष्पन्न होत नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र हा उपचार बाजारात आला तेव्हा दोन्ही डोळ्यांची मिळून त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर होती, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

या जेवणाचा दुसरा लाभ पैशात मोजता येत नाही. उजेडात ज्याला आपण रस्ता ओलांडून देतो, तोच येथे आपला हात धरून खुर्चीपर्यंत नेतो. पाण्याचा पेला कोठे आहे हे त्याला ठाऊक असते, आपल्याला नसते. अंध मनुष्य दुबळा नव्हे; सारी व्यवस्था डोळसांसाठी मांडलेली असते म्हणून तो अडतो, हे तासाभरात कळते. हा धडा मोलाचा आहे.

परंतु एक गोष्ट हा अंधार शिकवू शकत नाही. मेजवानीतला अंधार दिवा मालवावा तसा एकदम येतो. खरे अंधत्व बहुधा तसे येत नाही. ते सावलीसारखे हळूहळू सरकत येते, आणि पुष्कळदा त्याला वाटेत थांबविता येते. जगात किमान २२० कोटी लोकांची दूरची किंवा जवळची दृष्टी अधू आहे, आणि त्यांपैकी किमान १०० कोटींच्या बाबतीत ते टाळता आले असते किंवा त्यावर अजून उपाय व्हावयाचा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात नमूद केले. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आढळले ते उपचार न झालेला मोतीबिंदू. त्याचा वाटा ६६ टक्क्यांहून अधिक होता.

मोतीबिंदू म्हणजे काय? डोळ्यातील पारदर्शक भिंग धुरकट होणे. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूची तऱ्हा निराळी. त्यात दृष्टीची मज्जा झिजते आणि आधी कडेचे दिसणे जाते. समोरचे दिसत राहते म्हणून माणूस निश्चिंत असतो. गेलेली दृष्टी परत येत नाही, मात्र वेळीच औषध सुरू झाले तर राहिलेली पुष्कळ अंशी टिकविता येते. मधुमेहात दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, झिरपतात, कधी फुटतात. आरंभी ना दुखते, ना डोळा लाल होतो. म्हणून मधुमेह्याने दरसाल डोळ्यात औषध घालून आतला पडदा तपासून घ्यावयाचा असतो. आणि कित्येकांना तर केवळ योग्य नंबरचा चष्मा हवा असतो!

उपाय ठाऊक आहेत, मग माणसे येत का नाहीत? १९७६ साली मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. १९९२ मध्ये रुग्णालयाने स्वतःचा भिंगांचा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत फार खाली आणली. तरीही एक गोष्ट त्यांना अनुभवाने शिकावी लागली: नुसती शस्त्रक्रिया फुकट करून भागत नाही. रोग्याची रोजी बुडते, सोबत येणाराचीही बुडते, आणि बसभाडे कोण देणार? म्हणून त्यांनी शिबिरातून रोग्याला गाडीने आणावयाचे, राहण्याजेवण्याची सोय करावयाची आणि परत पोचवावयाचे, अशी पद्धत घातली. दृष्टीसाठी वाढलेले तेही एक जेवणच, आणि ते उजेडात वाढलेले.

रोजीच्या पलीकडे आणखी एक अडसर आहे. तो मी माझ्या कामात पाहिला. आमच्या युनियनमध्ये एक जुने टर्नर होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. हात असा की लेथवर त्यांनी काढलेला माल पुन्हा मोजावा लागत नसे. पुढे पुढे ते व्हर्नियर हेल्परच्या हाती देऊन म्हणू लागले, “वाच रे, चष्मा घरी राहिला.” पोरगा वर्षभर निमूटपणे वाचून देत राहिला. अण्णांना मधुमेह होता. मी तपासणीचा आग्रह धरला तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, डोळे जाताहेत हे मला ठाऊक आहे. कागदावर आले की कंपनीलाही ठाऊक होईल.” अखेर ते डॉक्टरांपुढे बसले तेव्हा पडद्यावर रक्त पसरले होते. वर्षापूर्वी आला असता तर पुष्कळ वाचविता आले असते, असे डॉक्टर म्हणाले. त्या वर्षभरात मीही व्हर्नियर हेल्परच्या हातात पाहिले होते आणि काही बोललो नव्हतो. ते मला अजून सलते.

अण्णा अडाणी नव्हते. त्यांचा हिशेब चुकला नव्हता. हिशेबच तसा मांडलेला होता. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अपघातात एक डोळा गेला आणि दुसरा चांगला राहिला, तर कमाईच्या ताकदीत ४० टक्के घट धरली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमाने कण उडण्याच्या किंवा प्रखर प्रकाशाच्या कामावर चष्मे वा पडदे पुरविण्याची तरतूद केली होती. हे आवश्यकच होते. पण रोगाने हळूहळू जाणारी दृष्टी या तरतुदींत सापडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोकरीत असताना अपंगत्व आल्यास काढू नये, त्याच पगारावर दुसरे काम द्यावे, असे सांगितले. पण ते कलम सरकारी आस्थापनांपुरते आहे. खाजगी कारखान्यातल्या अण्णांना ते संरक्षण नाही.

म्हणून माझे सांगणे इतकेच की, दृष्टी वाचवावयाची असेल तर तपासणीबरोबर नोकरीची हमी दिली पाहिजे. कामगार करारात दोन ओळी घालता येतात: वर्षातून एकदा भरपगारी रजेवर नेत्रतपासणी, आणि दृष्टी उणी आढळल्यास त्याच वेतनावर झेपेल असे काम. या ओळींना मेजवानीचा खर्च लागत नाही.

आपल्या गावात कोणी अशी मेजवानी भरविली तर मी आनंदाने जाईन. पण यजमानांना एक सुचवीन. दिवे मालवू नका. दाराशी डोळे तपासणारा बसवा, आणि पानावर बसण्यापूर्वी प्रत्येकाने, वाढप्याने आणि आचाऱ्यानेसुद्धा, अक्षरांच्या तक्त्यापुढे उभे राहावे. ज्याला खालची ओळ दिसणार नाही त्याला सोमवारी दवाखान्यात कोण नेणार, आणि त्याची त्या दिवसाची रोजी कोण भरणार, हे पंगत उठण्यापूर्वी ठरवा. आंधळ्या कोशिंबिरीतला रुमाल आपल्याला सोडता येत होता. अण्णांचा सोडता आला नाही. ज्यांचा अजून सुटण्यासारखा आहे, त्यांच्यापर्यंत तरी आपण वेळेवर पोचू या.