डच चित्रं बघताना आधी जमीन बघा!

व्हर्मीरचं 'दूधवाली' (साधारण १६५८, राइक्सम्युझियम, अ‍ॅमस्टरडॅम) सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. नजर जाते ती दुधाच्या धारेवर. आता जरा उजव्या कोपऱ्यात, खाली बघा. 👇

तिथे भोकं पाडलेला एक लाकडी खोका आहे. ही पाय शेकायची शेगडी. आत निखाऱ्यांचं मातीचं भांडं ठेवायचं आणि थंडीत त्यावर पाय टेकवून बसायचं. ऊब थेट घागऱ्याखाली! त्यामुळे तिचा संबंध प्रेमाशी, वासनेशी जोडला गेला. १६१४च्या एका डच बोधचित्रांच्या पुस्तकात तर ती चक्क 'बायकांची लाडकी' आहे. शेगडीमागच्या भिंतीच्या फरशीवर कोण आहे? धनुष्य घेतलेला मदन! आणि व्हर्मीरने आधी तिथे टोपली काढली होती, ती पुसून मग शेगडी आणली.

आणखी काही खुणा:

🦪 कालवं: कामोत्तेजक समजली जात. चित्रकार यान स्टेनच्या चित्रातली कालवं खाणारी मुलगी उगाच आपल्याकडे बघून हसत नाही.
⚖️ तराजू: व्हर्मीरच्या तराजूवालीची पारडी रिकामी आहेत आणि मागच्या चित्रात अंतिम न्यायाचा दिवस.
🥚 जमिनीवर फुटकी अंडी: घराला शिस्त नाही.

पण प्रत्येक झाडूत तत्त्वज्ञान शोधू नका. कला-इतिहासकार एडी द योंग यांनी असे अर्थ उलगडले, तर त्याच क्षेत्रातल्या स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३मध्ये ठासून मांडलं की डच चित्रकारांना मुळात दिसणाऱ्या जगाचंच वेड होतं. मला दोघांचंही पटतं. तुम्ही कोणाच्या बाजूने?