लहान कारागीर आणि सरकारी खरेदी

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट कोणास नवा नाही. व्यापाऱ्याकडून सूत आणावे, कापड विणून द्यावे आणि विणाईची मजुरी घ्यावी, हाच पुष्कळ कुटुंबांचा क्रम. रुग्णालयांना चादरी लागतात, रेल्वेला पडदे लागतात; हे सर्व सरकारच विकत घेते. मग बुधवाऱ्यातील दोन मागांच्या मालकाने तो माल सरळ सरकारास का विकू नये? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

लहान उद्योगास हात देण्यासाठी राष्ट्रीय लघुउद्योग निगम १९५५ साली स्थापन झाला. पुढे २०१२ च्या आदेशाने केंद्र सरकारची खाती व सरकारी कंपन्या यांच्या खरेदीत लहान उद्योगांचा वाटा ठरविण्यात आला. २०१८ साली तो वाढवून शेकडा २५ करण्यात आला. त्यापैकी शेकडा ४ अनुसूचित जातिजमातींच्या आणि शेकडा ३ स्त्रियांच्या उद्योगांसाठी आहे. ३५८ वस्तू तर केवळ लहान उद्योगांकडूनच घ्यावयाच्या आहेत. राज्य सरकारांचे खरेदीचे नियम निराळे असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

या वाटेचा पहिला उंबरठा म्हणजे ‘उद्यम’ नोंदणी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधार क्रमांक देऊन सरकारी संकेतस्थळावर आपली माहिती आपणच भरावयाची असते. तीस एक पैसाही लागत नाही. सरकारी नावाशी मिळतेजुळते नाव धारण करून शुल्क उकळणाऱ्या मंडळींपासून म्हणूनच सावध असावे. त्यानंतर २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेत विक्रेता म्हणून नाव घालता येते.

दाखल्याने काय साधते? निविदेचे कागद विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. हातात भांडवल नसलेल्या माणसास ही सवलत लहान नव्हे. दराचेही एक उदाहरण घेऊ. एखाद्या मोठ्या कारखान्याने चादरीस १०० रुपये हा सर्वांत कमी दर दिला आणि आपण ११२ रुपये दिला. आपला दर शेकडा १५ च्या आत असल्यामुळे, १०० रुपयांस माल देण्याची तयारी दाखविल्यास, मागणीचा एक हिस्सा आपल्यास मिळू शकतो. पण माल द्यावयाचा तो १०० रुपयांसच! सूत, वीज, मजुरी यांचा हिशेब मांडल्यावाचून होकार दिला, तर मिळालेले काम घर बुडवील. दाखला दार उघडतो. हिशेब आपणांसच करावा लागतो.

पैसे थकले तर? २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत रक्कम दिली पाहिजे. करार नसल्यास १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. त्यासाठी राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. मात्र पावती आणि माल पोहोचल्याची सही जपून ठेवली नाही, तर कायदा तरी काय करणार?

शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी, केळीचे वेफर तळणाऱ्या कुटुंबांनी, सुतारांनी हा विचार अवश्य करावा. या सवलती माल बनविणाऱ्यांस व सेवा देणाऱ्यांस आहेत, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांस नाहीत. आरंभी लहान मागणी घ्यावी, वेळेवर पुरवावी आणि नाव कमवावे. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने एक संध्याकाळ वडिलांच्या शेजारी बसून हा अर्ज भरून दिला, तर तिच्या शिक्षणाचा वा त्याच्या शाळेचा तो सार्थ उपयोग झाला असे आम्ही म्हणू.